लोकरीचा दाखला

वेल्ह्याच्या पुढं मुलींची एक निवासी शाळा आहे. तिथली कोठी मी अठरा वर्षं सांभाळते आहे. धान्य, तेल, साबण, खराटे, पांघरुणं, जे लागेल ते आणायचं, नीट पारखून घ्यायचं आणि लागेल तसं काढून द्यायचं, हे माझं काम. शाळेत नव्वद मुली राहतात, बहुतेक डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरच्या. माझं माहेर वरवे बुद्रुक, सासर तिथून जवळच. सकाळच्या एसटीनं मी येते आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जाते. इतक्या वर्षांत खरेदीत गोंधळ असा झाला नव्हता. वस्तू हातात घेतली की ती टिकेल की नाही हे मला कळतं, अशी माझी समजूत होती.

आमच्या संस्थेचे सचिव भोरचे. निवृत्त मुख्याध्यापक आहेत, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. एका मंगळवारी ते एक पत्र घेऊन कोठीत आले आणि साखरेच्या पोत्यावरच बसले.

"बाई, आपल्याला पर्यावरण धोरण लिहायचं आहे."

शाळेला दरवर्षी मदत करणाऱ्या कंपनीचं ते पत्र होतं. यापुढं मदत हवी असेल तर संस्थेनं लेखी पर्यावरण धोरण स्वीकारावं, आणि खरेदी त्या धोरणाप्रमाणं करावी, असं त्यात म्हटलं होतं. सोबत नमुन्याचं धोरण जोडलं होतं, पुण्यातल्या कुठल्यातरी मोठ्या कार्यालयाचं.

"सर, आपण झाडं लावतोच की दरवर्षी," मी म्हणाले.

"झाडांचं नाही हो हे. तुम्ही काय विकत आणता, त्याचं आहे. म्हणून तर तुमच्याकडे आलो. लिहायचं तुम्हीच."

मी बारावी शिकलेली. हिशोबाची पत्रं लिहिली होती, पण धोरण म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हतं. नियम म्हणावं तर सर म्हणत, नियम नाही, दिशा. दिशा म्हणावी तर नमुन्यात सगळीकडे "करावे", "करू नये" असंच होतं. तो कागद घेऊन मी स्वयंपाकघरात मावशींकडे गेले. मावशी आमच्या मुख्य स्वयंपाकीण. त्यांना वाचता येत नाही, पण शाळेत कुठली वस्तू कधी आली आणि तिचं पुढं काय झालं, हे त्यांना रजिस्टरपेक्षा जास्त माहीत.

आम्ही दोघींनी कोठीतून एक फेरी मारली. तेलाचे प्लास्टिकचे डबे. मावशी म्हणाल्या, "पयले पत्र्याचे डबे यायचे, ते दुकानदार परत न्यायचा. आता ह्ये कुणी नेत न्हाई." भांडी घासायची हिरवी घासणी. "पयले नारळाची शेंडी आन् राख व्हती. पर राखंसाठी चूल पायजे, आन् चूल तर तुमीच बंद केली, धूर व्हतो म्हनून." हेही खरंच होतं. गॅस आणा म्हणून मीच सरांच्या मागं लागले होते. मग चांगलं कुठलं? चुलीची राख की धुराशिवायचा गॅस? मी वहीत दोन्ही लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. त्या दिवशी वहीचं पान प्रश्नचिन्हांनीच भरलं.

शेवटी नमुना समोर ठेवून मी नऊ मुद्दे लिहिले. पंगतीला थर्माकोलच्या ताटल्या आणू नयेत, पानांच्या पत्रावळी आणाव्यात. साबणाचं पाणी ओढ्यात सोडू नये. प्लास्टिकचे डबे दुकानदाराकडे परत द्यावेत. हे सगळं मला समजत होतं. तिसरा मुद्दा मात्र मी नमुन्यातून जसाच्या तसा उतरवला: "वस्तू पर्यावरणपूरक असल्याचे लेखी प्रमाणपत्र पुरवठादाराकडून घेतल्याशिवाय खरेदी करू नये." वाचायला भारदस्त वाटला. कार्यकारिणीच्या सभेत सरांनी धोरण वाचून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सह्या झाल्या. कुणीही काही विचारलं नाही, आणि मला तर वाटलं, बरं झालं, सुटले.

दिवाळीची सुटी संपून मुली परत आल्या आणि थंडीची पांघरुणं घ्यायची वेळ आली. जुन्या चादरींची पार जाळी झाली होती. धोरण आल्यावरची ही पहिलीच मोठी खरेदी. सर म्हणाले, "बाई, ही खरेदी अगदी धोरणाप्रमाणे झाली पाहिजे. कंपनी अहवाल मागणार आहे."

एका व्यापाऱ्यानं पुण्याहून नमुना पाठवला. मऊ निळं ब्लँकेट, प्लास्टिकच्या जुन्या बाटल्या वितळवून बनवलेलं, आणि सोबत शिक्क्याचं प्रमाणपत्र. मी ते हातात घेऊन बसले. आमच्या शाळेच्या मागं डोंगर, डोंगरावर मेंढरं, आणि मुलींना पांघरायला बाटल्या? माझ्या मनानं घेतलं की आपण घोंगड्या घ्यायच्या. जवळची लोकर, जवळची माणसं. याहून पर्यावरणपूरक ते काय असणार? फक्त लेखी प्रमाणपत्र हवं होतं. तेवढं आपणच जाऊन लिहून आणू, असं मी ठरवलं.

पासलीच्या वरच्या अंगाला एक धनगरवस्ती आहे, चार घरांची. तिथली एक मुलगी पूर्वी आमच्याकडे शिकली होती, त्यामुळं तिच्या आजोबांना मी ओळखत होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. पावसाळाभर त्यांची मेंढरं कमी पावसाच्या मुलखात, पूर्वेकडे असतात. दिवाळीनंतर माणसं आणि मेंढरं परत येतात. एका शनिवारी मी एसटीनं पासलीला उतरले. भात कापून झालं होतं, खाचरांत नुसती खुंटं उरली होती. तासभर चढून वर पोचले. कुत्री अंगावर आली, तशी मामींनी त्यांना हाकललं आणि मला चहा दिला.

मी पिशवीतून कागद काढला. प्रमाणपत्रासाठी नमुन्यात एक प्रश्नावली होती, तीच मी हातानं लिहून नेली होती.

"मामा, तुमच्या घोंगड्या शाळेला घ्यायच्या आहेत. नव्वद. त्याआधी मला थोडी माहिती लिहून घ्यायची आहे."

मामा हसले. "घोंगड्या? म्या कुठं इनतो, बाई? इननारा खाली भोराकडं व्हता. त्यानं माग मोडून धा वर्सं झाली. त्याची पोरं आता टेम्पो चालवत्यात."

"मग तुमची लोकर कुठं जाते?"

"उकिरड्यावर." त्यांनी हातानं मेंढरांच्या वाड्यामागं दाखवलं. "कुनी घ्येत न्हाई. मेंढराला उकडतंय म्हनून कातरावं लागतं, न्हाईतर ती बी कातरली नसती."

मी उठून पाहिलं. वाड्यामागं काळ्या, करड्या लोकरीचा ढीग पावसापाण्यात कुजत पडला होता. कोंबड्या त्यावर चढल्या होत्या. मी इतका वेळ डोक्यात जे घेऊन चढत आले होते, ते तिथं नव्हतंच.

"मग तुम्ही काय पांघरता?" मला विचारल्याशिवाय राहवेना.

मामींनी घरातून आणून दाखवलं. वाघाचं चित्र असलेलं लाल गुलाबी ब्लँकेट, कापूरहोळच्या फाट्यावर रस्त्यात मांडून विकतात तसलं. "लई हलकं हाय," मामी म्हणाल्या. "घोंगडं पाठीवर घेऊन चालायचं म्हंजी वझं. आन् ह्ये धुतलं की तासाभरात वाळतं."

मला हसावं की काय करावं कळेना. आलेच आहे तर प्रश्न तरी विचारावेत म्हणून मी कागद पुढं ओढला. कदाचित दुसरा कुणी विणणारा सापडेल, तेव्हा निदान लोकरीचा तरी दाखला हाती असेल, असा माझा हिशोब.

"रसायनं वापरता का?"

"म्हंजी?"

"औषध वगैरे."

"गोचडीचं औषध लावतो की. न लावून कसं चालंल? मेंढरं मरतील."

मी "होय" लिहिलं. खरं सांगणाऱ्या माणसाचं उत्तर वाईट रकान्यात गेलं.

"वीज किती वापरता?"

"हितं वीज कुठं हाय?"

मी "शून्य" लिहिलं. हे चांगल्या रकान्यात गेलं, पण लिहिताना मला लाज वाटली.

"टाकाऊ मालाची विल्हेवाट कशी लावता?"

मामांनी पुन्हा वाड्यामागं बोट दाखवलं. म्हणजे ज्या वस्तूचा दाखला मी लिहीत होते, तीच त्यांच्याकडची टाकाऊ वस्तू होती. माझं पेन तिथंच थांबलं.

"बाई," मामा म्हणाले, "ह्यो दाखला मेंढराचा हाय का माजा? माजा आसंल तर आंगठा देतो. मेंढराचा आसंल तर त्येलाच इचारा."

मी कागदाची घडी केली. निघताना त्यांनी यंदाच्या कातरणीची ताजी लोकर दोन पोत्यांत भरून दिली. मी नको म्हणत होते, पण ते म्हणाले, "न्या. हितं कुजायचीच हाय." बदल्यात काय देऊ विचारलं तेव्हा मामी पुढं आल्या. "तुमच्याकडं तेलाचे मोकळे डबे आसत्याल बगा प्लास्टिकचे. झऱ्यावरनं पानी आनायला लई बेस." धोरणात पाचवा मुद्दा होता, डबे दुकानदाराला परत. दुकानदार तर ते घ्यायला तयारच नव्हता, कोपऱ्यात ढीग साठला होता. मी हो म्हणून टाकलं.

मामांच्या नातवानं पोती खालपर्यंत आणून दिली. एसटीच्या कंडक्टरनं वास घेतला आणि मला पोत्यांसकट सगळ्यांत मागच्या बाकावर बसवलं. "काय मेलंय का आत?" त्यानं विचारलं. लोकर आहे म्हटल्यावर म्हणाला, "काय करणार हिचं?" मी सांगितलं, "माहीत नाही." ते अगदी खरं होतं.

कोठीत सरांनी एका पोत्याचं तोंड उघडून आत पाहिलं. मग म्हणाले, "बाई, पांघरुणं कुठं आहेत?"

मावशींनी मात्र पोत्यात हात घातला, लोकर बोटांत चुरगाळली आणि म्हणाल्या, "गोधड्या शिवू की. आत चिंध्यांच्या जागी ही घालू."

हे ऐकून मला एकदम हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. लोकर धुवायची कुठं? तिला तेलकट चिकटा असतो. ओढ्यात साबणाचं पाणी सोडायचं नाही हा नियम मीच लिहिलेला. मावशींनी रिठे उकळले, आम्ही घमेल्यांत लोकर धुतली आणि पाणी भाजीच्या वाफ्यांत ओतलं. एक धुणं, दुसरं धुणं, तिसरं धुणं. दुपारी टाकी रिकामी झाली आणि मुलींना हातपाय धुवायला पाणी उरलं नाही. पाणी जपून वापरावे हा सातवा मुद्दा. मी डोक्याला हात लावून बसले.

वाळलेली लोकर पिंजायला मी नसरापूरच्या गादीवाल्याकडं नेली. त्यानं मूठभर यंत्रात घातली, यंत्र गच्च झालं. "बाई, हे यंत्र कापसाचं आहे. ह्यात केसं अडकतात. घेऊन जा." मग रविवारी मुलीच ओट्यावर बसल्या आणि बोटांनी ती मोकळी करत राहिल्या. आठवीतल्या एकीचं अंग खाजायला लागलं, तिला उठवलं. बाकीच्या बसल्या, गाणी म्हणत, एकमेकींच्या केसांत लोकर खोवत. भेटीच्या रविवारी मुलींच्या आया आल्या होत्या. त्यांनी जुन्या साड्या आणल्या, मावशींनी थर लावून दिले आणि सगळ्यांनी मिळून टाके घातले. मी आयुष्यात कितीतरी खरेद्या केल्या असतील, पण एखादी वस्तू कोठीत येताना अशी आनंदानं आलेली मी पाहिली नव्हती.

तीस गोधड्या झाल्या आणि लोकर संपली. थंडी वाढली होती. उरलेल्या साठ मुलींसाठी मी शेवटी ती बाटल्यांची निळी ब्लँकेटं मागवली. टेम्पो आला. प्रत्येक ब्लँकेट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि सगळी मिळून एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत. मावशी म्हणाल्या, "बाटल्यांचं पांगरून, आन् त्येलाच पिशवीचं पांगरून." सर हसले. मला हसू आलं नाही.

गोधड्या चांगल्या की ब्लँकेटं, हेही मला सांगता येणार नाही. गोधड्या ऊबदार होत्या, पण दमट हवेत त्यांना मेंढराचा वास यायचा आणि काही मुली नाक मुरडायच्या. ब्लँकेटं मऊ होती, मुलींनी त्यांच्यासाठी भांडणं केली. पण पहिल्याच धुण्यात मोरीच्या जाळीवर निळा भुसा साचला. मावशींनी तो काढून माझ्या हातावर ठेवला. "ह्ये आता कुठं टाकू?" त्यांनी विचारलं. धोरणात भुशाचं काहीच नव्हतं.

जानेवारीत कंपनीचा अहवालाचा तक्ता आला. त्यात एक रकाना होता: एकूण खरेदीपैकी पर्यावरणपूरक खरेदी किती. ब्लँकेटांना प्रमाणपत्र होतं, ती सगळी त्यात बसली. गोधड्यांचं काय करावं, हे विचारायला मी कंपनीत हे काम पाहणाऱ्या ताईंना फोन केला. आवाजावरून तरुण वाटल्या, बोलायला फार चांगल्या होत्या.

"गोधड्यांचं बिल आहे का?"

"नाही. विकत घेतल्याच नाहीत."

"पुरवठादार कोण?"

"मेंढरं," मी म्हणाले, आणि मग घाईनं सगळं सांगितलं. लोकर, तेलाचे डबे, आयांच्या साड्या.

"फार छान आहे हे. पण खरेदीच नसेल तर पर्यावरणपूरक खरेदीत कशी धरायची? आणि डबे तुम्ही दुकानदाराला परत दिले नाहीत, असं लिहावं लागेल."

"म्हणजे गोधड्या शून्य?"

"तक्त्यात शून्य," त्या म्हणाल्या. "मी वर विचारून पाहते."

वर त्यांनी विचारलं असेल, नसेलही. मला उत्तर आलं नाही. मदत मात्र चालू राहिली.

मार्चमध्ये धोरणाचा आढावा घ्यायला सभा झाली. या वेळी मी उभी राहिले. सांगितलं की तिसरा नियम मी न समजता उतरवला, त्यामुळं ज्या माणसाला कागद बनवता येतो त्याचाच माल घेता येतो, आणि ज्याला कागद येत नाही त्याची लोकर उकिरड्यावर जाते. पण नियम काढून टाका असंही मी म्हणू शकत नव्हते. कारण कागद नसता तर ते ब्लँकेट खरंच बाटल्यांचं आहे की नाही, हे मला कसं कळलं असतं?

एका सभासदांनी सुचवलं, "खरेदी करणाऱ्यानं स्वतः जाऊन पाहावं, असा नियम करा."

"पासलीला जाता येतं," मी म्हणाले. "ब्लँकेटाचा कारखाना कुठल्या राज्यात आहे तेही मला माहीत नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला. "मग दोन्ही ठेवू. प्रमाणपत्र किंवा प्रत्यक्ष पाहणी. आणि सगळ्यांच्या आधी एक ओळ घालू: वस्तू विकत घ्यायलाच हवी का, हे पाहावे."

"आणि ती ओळ पाळली तर तक्त्यात शून्य येतं, सर."

"येऊ दे," सर म्हणाले. पण म्हणताना तेही माझ्याकडे न बघता कागदाकडे बघत होते. इतिवृत्तात त्यांनी लिहिलं की कोठीप्रमुखांनी काही शंका उपस्थित केल्या. शंका कोणत्या ते लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, त्या नीट मांडता आल्या असत्या तर मीच लिहिल्या असत्या."

परवा मामांचा त्यांच्या नातवाच्या मोबाइलवरून फोन आला. मेंढरं कातरायला घेतली होती.

"बाई, लोकर टाकू का ठिवू?"

मागून कात्रीचा आणि मेंढरांच्या ओरडण्याचा आवाज येत होता. टाकीतलं पाणी, गादीवाल्याचं अडकलेलं यंत्र, त्या मुलीची खाज, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मावशींना विचारावं, सरांना विचारावं, असंही वाटलं.

"ठेवा," मी म्हणाले. "पण मामा, अजून मला नक्की माहीत नाही हं, काय करायचं ते."

"आमाला तरी कुठं म्हाईत हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.